सोळाव्या अंशावरचा जोड

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाणारा रस्ता जिथे वाळूत संपतो, त्याच्या आसपास भारतीय सर्वेक्षण विभागाचे चार नकाशे एकमेकांना टेकतात. १६ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांश या दोन रेषा कर्ली खाडीच्या मुखाजवळ एकमेकींना छेदतात. वरचे दोन कागद ४७ एच/८ आणि ४७ एच/१२, खालचे दोन ४८ ई/५ आणि ४८ ई/९. मालवण बंदर ४७ मध्ये पडलं, वेंगुर्ला ४८ मध्ये. कुडाळ जेमतेम रेषेच्या वर राहिलं, सावंतवाडी खाली गेली. पूर्वेला घाटमाथ्यावर आंबोली ७४ अंशांच्या रेषेला अगदी खेटून आहे, त्यामुळे तिचा परिसरही दोन कागदांत वाटला गेला. पुरता सिंधुदुर्ग जिल्हा एका नजरेत पाहायचा, तर १:५०,००० प्रमाणाचे डझनापेक्षा जास्त कागद जमिनीवर अंथरावे लागत.

आज फोनवर बोट सरकवत विजयदुर्गहून रेडीपर्यंत जाता येतं. मध्ये कुठे घडी लागत नाही, कड लागत नाही. सरकारी कचेऱ्यांतल्या संगणकांवरही जिल्ह्याचे रस्ते, ओढे, समोच्च रेषा सलग वाहताना दिसतात. हे सलगपण जमिनीचं स्वतःचंच आहे असं आपण धरून चालतो. जमीन सलग असेलही, तिची माहिती तशी कधीच नव्हती. ती वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या चौकटींत गोळा झाली आणि मग जोडली गेली. ते जोड कोणी, कधी, कशाच्या भरवशावर जुळवले, त्याचा हा मागोवा.

या किनाऱ्याची सगळ्यात जुनी पद्धतशीर चित्रं जमिनीवरून काढलेली नाहीत. जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी, पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झालेला, १५३८-३९ साली आरमाराबरोबर गोव्याहून दीवला गेला. वाटेत तो बंदरांची वर्णनं लिहीत होता, अक्षांश मोजत होता आणि होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते याच्या नोंदी ठेवत होता. ही जहाजाच्या डेकवरून दिसलेली भूमी. तिला चौकट नव्हती, कारण दर्यावर्द्याला चौकट लागत नाही. पुढचं बंदर कोणतं आणि खडक कुठे, एवढं त्याला पुरतं.

चौकट आली ती त्रिकोणांतून. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पायारेषा मोजायला घेतली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत हिंदुस्थान मोजायचं काम सुरू झालं. पेशवाई संपल्यावर दक्षिण कोकण मोजायला १८१९ साली थॉमस बेस्ट जर्व्हिस हा मुंबई इंजिनिअर्समधला तरुण अधिकारी आला. मराठी वाचकाला त्याचा भाऊ जॉर्ज अधिक ओळखीचा: गणिताची पाठ्यपुस्तकं मराठीत आणणारा कॅप्टन जर्व्हिस तो हाच. थॉमसने कोकणचा भूगोल, वजनं-मापं, लोकसंख्या यांवर भरपूर लिहिलं. पण त्याच्या मोजणीच्या काटेकोरपणावर तेव्हाचा सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट याचा अजिबात विश्वास नव्हता. लंडनमधल्या रॉयल सोसायटीच्या मंडळींनी एव्हरेस्टचा वारस म्हणून जर्व्हिसचं नाव पुढे करताच एव्हरेस्टने १८३९ साली सोसायटीचे अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स यांना उद्देशून खरमरीत पत्रांचं पुस्तकच छापलं. १८४३ मध्ये ती जागा अँड्र्यू वॉला मिळाली. कोकणात नव्याने त्रिकोण टाकले गेले. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या यादीत ‘साउथ कोकण कोस्ट सीरिज’ या नावाची साखळी आहे, ती याच किनाऱ्याची. म्हणजे इथल्या नकाशाचा पहिला जोड दोन भांडखोर अधिकाऱ्यांमधला होता, आणि तो जुळलाच नाही. जुनं काम बाजूला ठेवून नवं घेतलं गेलं.

सुरुवातीला आलेल्या ४७-४८ या क्रमांकांची पद्धत बरीच नंतरची. १९०४-०५ च्या इंडियन सर्व्हे कमिटीने जुन्या नकाशांच्या जागी एक इंच–एक मैल प्रमाणाचे नवे रंगीत नकाशे काढायला सांगितलं आणि देशाची आखणी चौकोनांत झाली. चार अंश लांब, चार अंश रुंद असा एक मोठा चौकोन, त्याला क्रमांक. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग, त्यांना ए ते पी अक्षरं. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा तुकडे, पंधरा मिनिटांचे. अशा तऱ्हेने ४७, मग एच, मग ८. मेट्रिक पद्धत आल्यावर इंच-मैल जाऊन १:५०,००० आलं, पण चौकोन तेच राहिले. मालवणच्या अक्षांशावर असा एक चौकोन उत्तर-दक्षिण सुमारे २७.७ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम त्याहून किलोमीटरभर कमी भरतो. कागदावर साधारण ५५ सेंटिमीटर उंच.

ही कात्री आंधळी होती, आणि मला विचाराल तर तेच तिचं मोठेपण. १६ अंशांची रेषा कुठल्या नदीला, तालुक्याला किंवा संस्थानाच्या हद्दीला जुमानत नाही. म्हणून तर सावंतवाडी संस्थान विलीन झालं, १ मे १९८१ रोजी रत्‍नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, पुढे दोडामार्ग तालुका झाला, तरी एकाही कागदाची कड हलली नाही. जुन्या शीटवर ‘रत्‍नागिरी जिल्हा’ छापलेलं असतं, एवढंच.

कागद भरायचा कसा, हे काम मात्र अजिबात आंधळं नव्हतं. पावसाळा संपला की सर्वेक्षकांचे तळ बाहेर पडत. तिपाईवर सपाट फळा, म्हणजे प्लेन टेबल. त्यावर कागद ताणून बसवलेला आणि त्रिकोणमितीने ठरलेले मोजके बिंदू आधीच टोचलेले. अॅलिडेडच्या फटीतून समोरचं देऊळ, वडाचं झाड, टेकडीचा माथा वेधायचा आणि रेघ ओढायची. दुसऱ्या जागी फळा नेऊन पुन्हा तेच, आणि दोन रेघा छेदतील तिथे तो माथा. खलासी झेंडे, पट्ट्या, फळा वाहून नेत, झाडी तोडून वाट करून देत. त्यांची नावं नकाशावर कधी आली नाहीत. उंची मोजायची ती सरासरी समुद्रसपाटीपासून. भारताची ही सपाटी १९०९ साली नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून पक्की करण्यात आली. त्यांत मालवण नाही, पण उत्तरेला मुंबई आणि दक्षिणेला कारवार आहे. मालवणातल्या एखाद्या टेकडीच्या माथ्यावर जो आकडा छापलेला असतो, त्याच्या मुळाशी त्या दोन बंदरांतलं पाणी आहे.

मग रंग: लागवड पिवळी, रान हिरवं, पाणी निळं, समोच्च रेषा तपकिरी, रस्ते लाल, नावं काळी. या सहा-सात रंगांत कोकण बसवताना एक गोष्ट निसटली, ती सडा. देवगड-मालवणच्या मागे जांभ्या दगडाची सपाट पठारं पसरली आहेत. सर्वेक्षणाच्या चिन्हसूचीला शेत माहीत होतं, रान माहीत होतं, दगडाळ माळ माहीत होता. पावसाळ्यात चार महिने फुलांनी भरणारा, गुरं चारण्याचा, ज्याच्या पोटातून खालच्या वाडीच्या विहिरीला पाणी मिळतं असा कातळ तिला माहीत नव्हता. त्यामुळे शीटवर सडा बहुतेक ठिकाणी पांढरा राहिला, फार तर वर खडकाचे बारीक शिंतोडे. संगणकीय थर तयार करताना हा पांढरा रंग ‘काही नाही’ म्हणून पुढे गेला. उपग्रहाच्या प्रतिमांवरून जमीनवापराचे वर्ग पाडणाऱ्यांच्या हातीही ‘खडकाळ ओसाड’ हाच वर्ग होता, आणि राष्ट्रीय पडीक जमीन नकाशासंग्रहात असल्या जमिनी त्याच नावाखाली मोजल्या जातात. गेल्या काही वर्षांत याच पांढऱ्या जागांवर हौशी आणि व्यावसायिक अभ्यासकांनी पायी फिरून कातळशिल्पं नोंदवली. मालवण तालुक्यातलं कुडोपी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. ज्या पठाराला नकाशाने रंग दिला नाही, त्यावर हत्ती, मासे आणि माणसं कोरलेली निघाली. चिन्हसूची ही निर्जीव गोष्ट नव्हे. तिच्यात नसलेलं ते जमिनीवरूनही जातं, कधी कधी शंभर वर्षांसाठी.

कागदावरचा जोड हा मुळातच अवघड होता, आणि त्याची तीन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. एक भूमितीचं. जुनी शीट बहुशंकू प्रक्षेपावर काढलेली. प्रत्येक कागद पृथ्वीच्या गोलाईचा आपला छोटा तुकडा आपल्यापुरता सपाट करतो. शेजारची दोन शीट एका कडेवर छान जुळतात, खालचं तिसरंही जुळवता येतं. चौथं बसवायला गेलं की कुठेतरी केसाएवढी फट उघडतेच. दुसरं कारण काळाचं. शेजारी-शेजारी असलेल्या शीटांची मोजणी एकाच हंगामात झालेली नसे. एकावर कोकण रेल्वे (ती पूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ पासून धावते) आणि शेजारच्या जुन्या आवृत्तीवर त्याच जागी भातखाचरं, असं सहज होई. तिसरं कारण कागदाचं स्वतःचं. कोकणातल्या जुलै महिन्यात कपाटातला कागद ओल धरून फुगतो, आणि तोही सगळ्या दिशांना सारखा नाही.

पण त्याहून मोठी अडचण म्हणजे शीट हाती लागायला हवं. १९६० च्या दशकात संरक्षण खात्याच्या निर्बंधांनी सीमा आणि समुद्रकिनारा यांपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे ‘प्रतिबंधित’ ठरवले. सिंधुदुर्गात सह्याद्रीची धार ते समुद्र हे अंतर त्याहून कमी आहे. म्हणजे अख्खा जिल्हा कुलपात. सर्वेक्षण विभागाच्या पुण्याच्या काउंटरवर देशावरची शीट विकत मिळत, ट्रेकर ती घडी घालून पिशवीत नेत. मालवणच्या शीटासाठी सरकारी पत्र, सही, शिक्का, आणि मिळालं तर जबाबदारीने परत ठेवायची हमी. कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं एक घरगुती तंत्र चाले: शीटाच्या कडा ब्लेडने कापायच्या, मागून कापड लावायचं आणि चार शीट चिकटवून भिंतीवर टांगायची. जोडावर येणारं गाव खळीच्या थरात बुडून जाई. दुसरीकडे अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसने १९५० च्या दशकात सर्वेक्षण विभागाच्याच नकाशांच्या आधारे भारताचे १:२,५०,००० चे नकाशे छापले होते. यू५०२ नावाची ही मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली. मालवणातल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या गावाचा नकाशा ऑस्टिनहून विनासायास मिळे, पुण्याहून मिळत नसे. या विनोदावर हसायचं की नाही हे आपापलं.

सर्वेक्षण विभागात संगणकीय नकाशाचं काम १९८० च्या दशकात सुरू झालं. आधी लहान प्रमाणाचे नकाशे, मग हजारोंच्या संख्येतली १:५०,००० ची शीट. बाहेरच्या जगात, विद्यापीठांत, सल्लागार संस्थांत, पाणलोटाचं काम करणाऱ्या संघटनांत हेच काम पुढल्या पंधरा-वीस वर्षांत पसरलं. पद्धत सगळीकडे तीच, आणि तिच्यातले खड्डेही तेच.

शीट ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर १:५०,००० प्रमाणावर एका ठिपक्यात जमिनीचे सुमारे सव्वाचार मीटर मावतात. छापील रेघ ०.२ मिलिमीटर जाड धरली तरी ती जमिनीवर दहा मीटर रुंद होते, कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे पंचवीस मीटर. हे आकडे आधी समजून घेतले की पुढचे बरेच वाद टळतात. स्कॅन म्हणजे नुसता फोटो. त्याला मालवण कुठे आहे ते ठाऊक नसतं. ते सांगण्यासाठी शीटावरचे छेदबिंदू वापरतात. पंधरा मिनिटांच्या शीटावर दर पाच मिनिटांनी रेषा छापलेल्या असतात, म्हणजे कडांसकट चार गुणिले चार, सोळा छेद. प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश माहीत असतात. संगणकाला ते टंकून द्यायचे आणि त्याने प्रतिमा ओढून-ताणून बसवायची. साध्या बसवणीला तीन बिंदू पुरतात, दुसऱ्या घाताच्या सूत्राला सहा लागतात, तिसऱ्याला दहा. नवशिक्याला वरच्या घाताचा मोह होतो, कारण पडद्यावर दिसणारी सरासरी चूक झपाट्याने कमी होते. किमान लागतील तेवढेच बिंदू दिले तर ती चक्क शून्य येते. चूक शून्य आली याचा अर्थ सूत्राने सगळे बिंदू गिळले एवढाच. दोन बिंदूंच्या मधली जमीन तोवर वाकलेली असू शकते.

खरा सापळा मात्र याच्या आधीचा. शीटावर छापलेले अंश हे एव्हरेस्टच्या लंबगोलावरचे. १८३० मध्ये एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार ठरवला तो भारतातल्या मोजणीवरून, आणि त्या लंबगोलाला इथल्या जमिनीला घट्ट बसेल असं टेकवलं ते मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूर इथे. भारतापुरती ती बसवणी उत्तम. पण त्या लंबगोलाचं केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून सुमारे ८०० मीटर बाजूला पडतं. जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४ पृथ्वीच्या केंद्रावरच बसवलेला. त्यामुळे शीटावरचे अंश जसेच्या तसे जीपीएसचे म्हणून वापरले तर या किनाऱ्यावर सगळं शंभर मीटरांहून जास्त सरकतं. कुरटे बेटावर ते सरकणं लगेच दिसतं: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाचा एक भाग थेट पाण्यात जातो. सड्यावर किंवा रानात दिसतही नाही, म्हणून तिथे चुका वर्षानुवर्षं राहतात. सरकाव किती घ्यायचा याचे अधिकृत आकडे बराच काळ विभागाबाहेर सहजासहजी मिळत नव्हते. जो तो आपापल्या बिंदूंवरून अंदाज बांधी. भर म्हणून सॉफ्टवेअरच्या यादीत एव्हरेस्टच्या नावाच्या कितीतरी आवृत्त्या असतात. मूळ माप ‘इंडियन फूट’मध्ये होतं आणि त्या फुटाचं मीटरमध्ये रूपांतर वेगवेगळ्या काळी वेगवेगळं केलं गेलं. एकाच माणसाच्या नावाखाली उभ्या असलेल्या त्या यादीतून योग्य तो निवडायला जुन्या मोजणीचा इतिहास वाचलेला असावा लागतो.

हे पार पडलं की कडेचं पांढरं कापायचं, शीट शेजारी-शेजारी ठेवायची आणि रेषा उतरवायला घ्यायच्या. इथून जोड प्रत्यक्ष डोळ्यांसमोर येतो. ४७ एच/१२ च्या तळाकडून शंभर मीटरची समोच्च रेषा उतरते आणि ४८ ई/९ च्या डोक्यावर तिच्या जागी काहीच नसतं, किंवा मिलिमीटरभर बाजूला वेगळीच रेषा सुरू होते. ओढा वर एक, खाली दोन. एकीकडे गाडीरस्ता, पलीकडे पायवाट. उंचीचा आकडा टंकताना १०० च्या जागी १० पडला तर त्रिमिती चित्रात टेकडीच्या कडेला खोल खंदक तयार होतो, तो निदान दिसतो तरी. कडेवरची रेषा हलकेच ओढून शेजारच्या रेषेला टेकवली, तर ते कधीच कोणाला कळत नाही. ‘एज मॅचिंग’ नावाचं हे काम बहुतेक ठिकाणी तासावर काम करणाऱ्या, कोकण कधी न पाहिलेल्या मुलामुलींनी केलं. दोन रेषांपैकी कोणती हलवायची याचा नियम लिहिलेला असे, म्हणजे नव्या आवृत्तीची रेषा धरायची, जुनी हलवायची. दोन्ही जुन्या असतील तर? मग मध्ये कुठेतरी. सिंधुदुर्गाच्या थरांमध्ये १६ अंशांच्या रेषेवर अशा ‘मध्ये कुठेतरी’ जागा असणारच. त्या प्रत्येक जागी निर्णय झालेला आहे, पण निर्णयाची खूण उरलेली नाही.

नावांचं आणखी वेगळं. शीटावर डोंगराचं किंवा वाडीचं नाव अक्षरं सुटी करून, जागेवर पसरून छापतात. किती पसरलं त्यावरून वाडीचा विस्तार कळतो. संगणकात नावाला एकच बिंदू लागतो. पसरलेलं नाव गोळा करून एका टाचणीवर बसवावं लागतं, आणि टाचणी कुठे टोचायची ते पुन्हा संगणकापुढे बसलेल्याच्या मर्जीवर. दोन शीटांवर अर्धं-अर्धं आलेलं नाव असेल तर दोन टाचण्या, म्हणजे दोन वाड्या.

१९ मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने या घराण्याचे दोन भाग केले. संरक्षणासाठी एक मालिका, आणि जनतेसाठी ‘ओपन सीरिज मॅप्स’, डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएम प्रक्षेपावर. एव्हरेस्टचा सरकाव यात आधीच काढलेला. क्रमांकही आंतरराष्ट्रीय पद्धतीचे झाले, पण त्या पद्धतीतही पट्टे चार-चार अंशांचे. ४७ गेला आणि त्या जागी ई ४३ आला, ४८ च्या जागी डी ४३. जोड जिथे होता तिथेच, १६ अंशांवर. (या मालिकेचं लघुरूप ओएसएम, आणि जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवतात त्या ओपनस्ट्रीटमॅपचंही ओएसएम. कार्यशाळांमध्ये यावरून होणारे गोंधळ ऐकण्यासारखे असतात.) २०१७ मध्ये विभागाने ‘नक्शे’ हे पोर्टल उघडून नागरिकांना शीट फुकट उतरवून घेऊ दिली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्या आणि संस्थांवरची परवानगीची बंधनं जवळजवळ काढून टाकली, आणि २८ डिसेंबर २०२२ ला राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. दोनशे वर्षं अंगात भिनलेला नकाशे लपवण्याचा संस्कार कागदोपत्री दोन वर्षांत संपला.

दरम्यान या चौकटी एकदा थेट राजकारणात उतरल्या होत्या. पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ समितीने, म्हणजे माधव गाडगीळ समितीने, २०११ च्या अहवालात घाटाची संवेदनशीलता ठरवण्यासाठी एकक घेतलं ते पाच मिनिटं गुणिले पाच मिनिटांच्या चौकोनांचं. शीटावर छापलेल्या त्याच रेषा. साधारण नऊ किलोमीटर बाजूचा एक चौकोन, त्याला एक दर्जा. रत्‍नागिरी-सिंधुदुर्गाचा विचार समितीकडे खास सोपवलेला होता, आणि सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी खाणींच्या विरोधात आपणहून संवेदनशील क्षेत्राची मागणी केली होती. गाव एका चौकोनात, त्याची देवराई दुसऱ्या चौकोनात, असं व्हायला वेळ लागत नाही. समितीचं म्हणणं स्पष्ट होतं की चौकोन ही सुरुवात आहे, अंतिम हद्द लोकांशी बोलून ठरवा. हा भाग गर्दीत हरवला. नंतरच्या कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये उपग्रहाच्या प्रतिमा आणि गाव हे एकक घेतलं, आणि वाद गावांच्या यादीवर सरकला. तापलेल्या सभांमध्ये चौकोनावर आगपाखड करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की त्याची बाजू १९०५ च्या सुमारास ठरलेल्या छपाईच्या सोयीतून आलेली आहे?

आणि समुद्र. भूपत्रकावर, म्हणजे याच शीटावर, किनाऱ्याची रेषा ही भरतीच्या पाण्याची असते. सर्वेक्षक ज्या वर्षी आला त्या वर्षीची. तारकर्ली ते देवबाग हा कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधला वाळूचा चिंचोळा पट्टा आहे. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला खाडीचा प्रवाह, आणि टोक दर पावसाळ्यात आकार बदलतं. खाडीच्या मुखाशी २००४ च्या त्सुनामीनंतर वर आलं असं सांगितलं जाणारं वाळूचं बेट पर्यटकांनी ‘त्सुनामी आयलंड’ करून टाकलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून उत्तरेला गेलं. अशा जागी जुनी किनारारेषा संगणकात उतरवली की ती स्थिर, बारीक आणि निळी दिसते. तिच्याखाली कुठलं साल आहे ते दिसत नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून, पुढे २०११ आणि २०१९ च्या सुधारणांसकट, घर बांधता येईल की नाही याचा हिशेब भरतीरेषेपासून मीटरांत होतो. पंचवीस मीटरांची चूक पोटात घेऊन आलेल्या नकाशावरून पन्नास मीटर मोजणं परवडत नाही, म्हणून किनारा व्यवस्थापनाचे आराखडे १:२५,००० आणि गावपातळीवर १:४,००० प्रमाणावर नव्याने करावे लागले. धोकारेषेसाठी सर्वेक्षण विभागाने विमानातून फोटो घेतले. तिथे जुन्या शीटाची जागा आता पुराव्याची आहे: किनारा पूर्वी कुठे होता, हे सांगणारी. त्या कामासाठी तिच्यावरचं साल तिच्या रेषेइतकंच मोलाचं आहे.

जमिनीचे कागद जमिनीच्या कागदांशी एकदाचे जुळले. जमिनीचा कागद आणि समुद्राचा तक्ता मात्र मालवणसमोर अजून समोरासमोर उभे आहेत. सागरी तक्ते काढणारं नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय देहरादूनला आहे, सर्वेक्षण विभागाचं मुख्यालयही देहरादूनला. दोघांचा शून्य वेगळा. जमिनीवर शून्य म्हणजे सरासरी समुद्रपातळी, तक्त्यावर शून्य म्हणजे ओहोटीची खालची पातळी, कारण नाखव्याला तळाशी किमान किती पाणी राहील तेच हवं असतं. या दोन शून्यांच्या मधला पट्टा, जिथे भरती-ओहोटीत दोन मीटरांच्या आसपास पाणी चढतं-उतरतं, तो एका नकाशावर समुद्र असतो आणि दुसऱ्यावर खडक. मालवणचं वैभव नेमकं त्याच पट्ट्यात आहे. १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचं क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि पाण्याखालचे खडक. त्याच्या हद्दीचं वर्णन खडकांच्या नावांनी आणि किनाऱ्यापासूनच्या अंतरांनी केलेलं आहे: पश्चिमेला मालवण रॉक, दक्षिणेला मंडेल रॉक, बंदराजवळ ईशान्येची हद्द किनाऱ्यापासून ५० मीटर, पूर्वेला वाळूच्या किनाऱ्याला समांतर ५०० मीटर. मासेमारीवर कुठे बंधन आणि कुठे नाही, हे त्या रेषेवर ठरतं. ती रेषा पडद्यावर ओढायला बसलेल्या माणसाला आधी ठरवावं लागतं की ५० मीटर मोजायचे ते भूपत्रकावरच्या भरतीच्या किनाऱ्यापासून, की तक्त्यावरच्या ओहोटीच्या.